रात्री भरलेली हवा सकाळी गायब: मागच्या एअर शॉकअपची गळती कशी शोधायची

लक्षणं आधी सांगतो. बाईक सकाळी पार्किंगमध्ये मागून बसल्यासारखी दिसते. साइड स्टँडवर नेहमी जेवढी कलते तेवढी कलत नाही, जास्त सरळ उभी राहते, कारण मागची उंची कमी झाली की तोच स्टँड लांब पडतो. हे पटकन लक्षात येत नाही पण जाम धोक्याचं आहे, जरा उतार असला आणि कोणाचा धक्का लागला तर एवढी जड बाईक पलीकडे आडवी. डबल सीट असताना सोसायटीच्या गेटवरच्या स्पीड ब्रेकरला खालून घासतं. खड्ड्यात मागून ठक्क करून आवाज येतो, म्हणजे शॉकअप तळाला लागतोय. ठाण्यात गायमुखच्या वळणांवर मागचा भाग झुलतो, बाईक एका दमात वळत नाही. रात्री समोरचे लोक उगाच डिपर मारतात कारण मागून बसली की हेडलाइट आभाळाकडे बघतो. शॉकअपच्या खालच्या अंगाला तेलकट धूळ चिकटलेली असते. आणि सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे, रात्री २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली होती रे, सकाळी गेज लावला तर १२.

ही शेवटची तक्रार सगळ्यात फसवी आहे, त्यावर येतोच.

मी मेकॅनिक नाही. वागळे इस्टेटला मेंटेनन्सला आहे, दिवसभर एअर सिलेंडर, पाइप, फिटिंग हेच चालू असतं, त्यामुळे ग्रुपमध्ये कोणाची बाईक मागून बसली की फोन मला. आणि कंपनीत जे बघतो तेच बाईकवर दिसतं, हवा सिलेंडरमधून क्वचित जाते, जाते ती जोडावरून. पण माणूस शिव्या आधी सिलेंडरलाच घालतो कारण तोच डोळ्यासमोर असतो. आत्तापर्यंत जेवढ्या बाईक बघितल्या त्यात खरोखर शॉकअप गेलेले दोघांचेच निघाले. आमचा कळव्याचा एक मित्र आहे, त्याने कोणाला न विचारता नवीन जोडी मागवून बसवली, चांगला खिसा रिकामा केला, आणि १५ दिवसांत बाईक परत खाली. जोड आणि ट्यूब सगळे जुनेच ठेवलेले ना!

हे सगळं कोणासाठी ते पण सांगून टाकतो. ज्या मोठ्या टूरिंग बाईकना मागच्या शॉकअपमध्ये बाहेरून हवा भरायचा वॉल असतो त्यांच्यासाठी. प्रकार जुना आहे, १९८० च्या होंडा गोल्डविंग जीएल ११०० ला पण असे शॉकअप होते. हार्लेच्या बहुतेक टूरिंग बाईकना २०१७ च्या मॉडेलपासून हाताने फिरवायच्या नॉबवाले शॉकअप आले, तिथे हवेचा वॉलच नाही तेव्हा डिकी काढून शोधत बसू नका. आणि पल्सरसारख्या बाईकच्या शॉकअपला जो छोटा डबा असतो त्यात नायट्रोजन भरलेला असतो, तो प्रकार पूर्ण वेगळा.

आपल्या प्रकारात आत स्प्रिंग असते, तेल असतं, आणि वरून मदतीला हवा. म्हणून हवा पूर्ण गेली तरी बाईक जमिनीला टेकत नाही, स्प्रिंग उचलून धरते, आणि लोक तसेच महिनोन् महिने चालवतात. दोन्ही शॉकअपमधून बारीक प्लास्टिकची ट्यूब निघते, दोन्ही ट्यूब एका टी जोडात येतात आणि तिथून एक ट्यूब वॉलला. आता जोड मोजा. दोन शॉकअपला, तीन टीला, एक वॉलला. सहा जागा, आणि वॉलची पिन सातवी. हवा जायला एवढ्या जागा असताना थेट शॉकअपवर का जायचं?

सुरुवात फुकटातल्या कामापासून करा. हवा खरंच जातेय का ते बघा.

टायरमध्ये हवेची जागा भरपूर असते, गेज लावताना फुस्स करून थोडी गेली तरी आकडा हलत नाही. शॉकअपमध्ये हवेची जागा एवढुशी. गेज लावला की गेजच्या नळीत हवा भरते आणि ती शॉकअपमधूनच येते, काढताना परत फुस्स. म्हणजे तुम्ही मोजायला गेलात म्हणून हवा कमी झाली! रात्री मोजलं, सकाळी मोजलं, बायकोला दाखवायला परत एकदा मोजलं, प्रत्येक वेळी थोडी थोडी गेली, आणि नाव गळतीचं. यासाठी आट्याने फिरवून बसणारा, काढताना हवा न सोडणारा हातपंप मिळतो, तो घ्या. सायकलच्या शॉकचा पंप चालतो का असं विचारतात. भरायला चालतो, पण त्याचा गेज बऱ्याचदा ३०० पर्यंतचा असतो, त्यावर २० म्हणजे काटा जेमतेम जागचा हललेला, १५ आहे का २५ काही कळत नाही. ६० पर्यंतचा गेज असलेला बघा.

पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा नाही म्हणजे नाही. एवढ्याशा जागेत तो डोळ्याचं पातं लवायच्या आत मर्यादेच्या पलीकडे प्रेशर मारतो आणि आतली हवा आणि तेल अडवणारं चांगलं सील फाडतो. बऱ्याच बाईकची वरची मर्यादा ५० पीएसआय असते, तुमची किती ते मॅन्युअलमध्ये बघा आणि एकटे चालवत असाल तर त्याच्या जवळपास पण जायची गरज नसते.

दुसरी गंमत तापमानाची. घोडबंदरहून खड्डे खात आलात की शॉकअपमधलं तेल तापतं, हवा पण तापते. समजा शॉकअप ५० डिग्रीला असताना २० पीएसआय दाखवली. सकाळी तोच शॉकअप २५ डिग्रीला आला तर एक बुडबुडा बाहेर न जाता आकडा १७ च्या आसपास येतो. म्हणून भरणं आणि मोजणं दोन्ही सकाळी, बाईक थंड असताना.

माझी स्वतःची पद्धत तर अशी की गेज लावायचाच नाही. शिंपी वापरतो ती टेप घ्या, मागच्या चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जिथून मोजलं तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. बाईक सरळ धरायला एक जण हवा, आणि मोजायच्या आधी सीट दोनतीनदा दाबून सोडायची नाहीतर सील चिकटून राहतं आणि माप खोटं येतं. थंड असताना हवा भरून माप घ्या, कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. माप तेवढंच राहिलं तर गळती नाही, तुमचा गेजच हवा खात होता, जा चहा प्या. एका रात्रीत बोटभर खाली आली तर गळती पक्की, पुढे वाचा.

आता वॉलची पिन. ही बहुतेक बाईकवर टायरच्या वॉलसारखीच असते, पंक्चरवाल्याकडे चहाच्या किमतीत मिळते. टोपण काढा, वॉलच्या तोंडावर शांपूच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि मिनिटभर बघत बसा, घाई करू नका. फुगा वर आला तर पिन सैल आहे किंवा तिच्या रबरावर माती बसलीय. आधी नुसती आवळून बघा, नाहीतर बदला. टोपण आतून रबर असलेलं वापरा, हरवलेलं असेल तर आजच लावा, पावसाळ्यात उघड्या वॉलमध्ये चिखल जाऊन बसतो आणि पिन नीट मिटत नाही.

पिन काढायच्या आधी हवा सोडताना फडकं धरा आणि हळू सोडा. एकदम दाबली की हवेबरोबर आतलं तेल आणि ओलावा फवाऱ्यासारखा बाहेर येतो आणि मागच्या टायरवर नाहीतर डिस्कवर उडतो. पुढे सिग्नलला ब्रेक मारल्यावर कळेल. फडक्यावर बारीक डाग आला तर घाबरू नका, पण दरवेळी चांगलं तेल येत असेल तर ते लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल. आणि शांपूच का, तर पाऊच कुठेही मिळतो आणि फेस दाट होतो. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका, साबण तसाच सोडला तर जोडाच्या धातूला चांगला नाही.

मग ट्यूब. डाव्या उजव्या डिक्या काढा, सीट काढा, आणि हवा भरलेली असताना ट्यूबवरून बोट फिरवत शॉकअपपासून टीपर्यंत जा. बघायचं काय? मडगार्डच्या कडेला घासून पांढरी पडलेली जागा, सायलेन्सरच्या उष्णतेने कडक झालेला तुकडा, डिकीच्या क्लॅम्पखाली चेपलेली जागा. आणि उंदीर! हसू नका. मानपाड्याला एकाच्या बेसमेंट पार्किंगमध्ये बाईक आठवडाभर उभी होती, ट्यूबवर दोन समोरासमोर दातांच्या खुणा, एक आरपार. त्याने त्यावर आधी इन्स्टंट ग्लू आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. असल्या ट्यूबला ग्लू धरत नाही आणि टेप हवा अडवत नाही, दोन्हीत वेळ घालवू नका, तुकडा बदला.

नवीन ट्यूब वागळेला किंवा रबाळे, महापेच्या एमआयडीसीत न्यूमॅटिकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. पण माप घेऊन जा, व्हर्नियर लावून. पाव इंचाच्या अर्धी म्हणजे एक अष्टमांश इंच ट्यूब ३.२ मिमीच्या आसपास भरते, आणि आपल्याकडे काउंटरवर मागितली की ४ मिमीची हातात देतात. ती त्या फिटिंगमध्ये जाणारच नाही. तुमची मूळची पाच बत्तीसांश इंच असेल तर ती जवळजवळ ४ मिमीच असते, तिथे मेट्रिक चालून जाते. नाहीतर टी आणि कनेक्टरसकट सगळंच एका मापात बदलावं लागतं. आणि ट्यूब किती प्रेशरची, किती उष्णतेची ते दुकानदाराला विचारा, सायलेन्सरजवळून जाणार आहे असं सांगा.

आता जोड, म्हणजे माझ्या मते खरा गुन्हेगार. हे पुश फिटिंग असतात, ट्यूब नुसती आत ढकलायची, आतले दात धरून ठेवतात आणि ओ रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, हवा अडवते. ओ रिंगला दोन गोष्टी चालत नाहीत, तिरपं कापलेलं टोक आणि बाजूने ओढ. टोक तिरपं असेल तर ते ओ रिंगमधून सगळीकडून सारखं आत जात नाही, आणि ट्यूब ताणलेली असेल तर ती एका बाजूने ओ रिंग दाबते आणि दुसरीकडे फट राहते. डिकी काढताघालताना ट्यूब जरा ओढली जाते, मग हवा जायला लागते, आणि म्हणून बाईक सर्व्हिसिंगहून आली की लगेच बसते असं बऱ्याच जणांना वाटतं. वाटतं ते खरं असतं.

सहाही जोडांना ब्रशने फेस लावा आणि थांबा. गळती मोठी असेल तर फेस लगेच उठतो, पण रात्रभरात जाणारी हवा अशी दिसत नाही. माझ्या बाईकला टीच्या डाव्या तोंडावर मोहरीएवढा एक बुडबुडा यायचा, हळूहळू ज्वारीच्या दाण्याएवढा व्हायचा, फुटायचा, परत दुसरा. मी मोबाइलची टॉर्च धरून खाली उकिडवा बसलेलो, वॉचमन येऊन विचारून गेला काय हरवलंय. एवढ्या बुडबुड्याने एका रात्रीत बाईक खाली बसायची. तर प्रत्येक जोडावर निदान दोन मिनिटं द्या.

सापडला की दुरुस्ती सोपी. हवा पूर्ण सोडा. फिटिंगची बाहेरची रिंग दोन्ही बाजूंनी सारखी आत दाबून धरा आणि ट्यूब सरळ ओढा, रिंग न दाबता ओढलीत तर दात ट्यूबवर चरे पाडतात आणि ते चरेच पुढची गळती. नवीन ब्लेडने टोकाचा ५ ते ६ मिमी तुकडा काटकोनात कापा. कात्रीने नाही, कात्री ट्यूब चेपते. मग आत ढकला, एक अडथळा लागतो तो ओ रिंगचा, तिथे थांबू नका, अजून पुढे पूर्ण तळापर्यंत जाऊ द्या. बरेच जण त्या पहिल्या अडथळ्यालाच थांबतात. शेवटी हलकेच ओढून बघा आणि झिप टायने थोडा ढिलेपणा ठेवून बांधा. कापल्यावर ट्यूब ताणली जात असेल तर कापू नका, नवीनच टाका. तरी बुडबुडा येतोय तर फिटिंग बदला, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, पुश फिटिंगला तिचा उपयोग शून्य आणि तिचे धागे जाऊन वॉलच्या पिनमध्ये अडकतात.

इथपर्यंत सगळं करून पण बाईक बसत असेल, तरच शॉकअपवर संशय घ्यायचा. तो पण आधी कोणता ते शोधा. हवा सोडा, टीमधून डावीकडची ट्यूब काढा आणि त्या तोंडात डमी प्लग घाला, न्यूमॅटिकच्या दुकानातच मिळतो. आता फक्त उजवा शॉकअप लाइनवर आहे. १० पीएसआय भरा, आणि यावेळी पंप काढूच नका, तसाच रात्रभर लावून ठेवा, म्हणजे लावण्याकाढण्यातली हवा जायचा प्रश्नच नाही. पंपाच्या जोडाला पण फेस लावून घ्या, नाहीतर त्याचीच गळती शॉकअपच्या नावावर जाईल. सकाळी आकडा तोच असला तर उजवा निर्दोष. मग उलटं करा. या अवस्थेत बाईक रस्त्यावर काढायची नाही, एका बाजूला हवा आणि दुसरीकडे नाही म्हणजे मागचं चाक पिळलं जातं.

तेलाचं पण इथेच बघा. शॉकअपवर तेल दिसलं म्हणजे सील गेलं असं लगेच ठरवू नका, चेनचं तेल आणि रस्त्यावरचा डिझेलमिश्रित चिखल पण तिथेच उडतो, मुंब्रा बायपासवरून पावसात एकदा जाऊन या, अख्खी बाईकच शॉकअप फुटल्यासारखी दिसते. फडक्याने स्वच्छ पुसा, कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि १० किलोमीटर सावकाश जाऊन या. सीलच्या काठाला गोल ओली रेघ उमटली तर सीलच. इकडेतिकडे शिंतोडे असतील तर तेल बाहेरून आलेलं. शॉकअपमध्ये आतबाहेर सरकणारा रॉड उघडा दिसत असेल तर नखाने वरून खाली फिरवून बघा, खाडीकाठी राहणाऱ्यांच्या, ऐरोली वाशीकडच्या बाईकना रॉडवर गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि तो ठिपका दर हेलकाव्याला सीलला किसणीसारखा लागतो. अशा रॉडवर नवीन सील टाकून काही महिने पण जात नाहीत. वॉशिंग सेंटरवाल्याला पण सांगा, सीलवर जवळून जेट मारू नको.

थांबायचं कुठे ते आता. सीलच्या काठावर ओली रेघ पक्की दिसली की तुमचं काम संपलं. या शॉकअपमधले बरेचसे घरी उघडण्यासारखे नसतात, आत स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर हातच जाईल. नायट्रोजनवाल्यांचं प्रेशर तर आपल्या हवेच्या कितीतरी पट, तिथे पाना पण लावायचा नाही. तेल टायरवर किंवा डिस्कवर पोचलेलं असेल तर बाईक चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पो बोलवा. रॉड वाकडा दिसला, शॉकअपच्या बोल्टच्या डोळ्याला चीर दिसली, किंवा फिटिंगचा तुकडा शॉकअपच्या आत तुटून राहिला, तर तिथेच हात आखडता घ्या. आणि शॉकअप काढायला मागचं चाक उचलून धरावं लागतं, साडेतीनशे किलोच्या आसपासची बाईक घरच्या जॅकवर उचलायची हौस ज्यांना आहे त्यांनी आधी जॅक कितीचा आहे ते वाचावं. योग्य लिफ्ट आणि टॉर्क पाना नसेल तर सरळ मोठ्या बाईकचं काम करणाऱ्या माणसाकडे जा. बोल्ट ढिला करायच्या आधी त्याने हवा सोडलीय ना एवढं विचारा. बदलायची वेळ आलीच तर जोडीनेच बदला, एक नवा एक जुना असला की दोघांचं दमन, म्हणजे हेलकावे जिरवणं, सारखं राहत नाही, आणि जोडीबरोबर सहाही जोडांच्या ओ रिंग, ट्यूब आणि पिन नवीन टाकायला सांगा, हा खर्च शॉकअपपुढे काहीच नाही.

गॅरेजला जाताना तो मापांचा कागद घेऊन जा. कोणत्या दिवशी किती भरली, माप किती होतं, कोणती बाजू रात्रभर टिकली. नाहीतर तिथे परत पहिल्यापासून सुरू होतं आणि मजुरी तुमच्या नावावर चढते.

कळव्याच्या मित्राचं राहिलंच. त्याच्या बाईकचा टी जोड बदलला, अर्धा तास लागला, नंतर बसली नाही. त्याने काढून भंगारात द्यायला ठेवलेले जुने शॉकअप मी मागून आणले, १० पीएसआय भरून गॅलरीत बादलीत बुडवून ठेवले. घरची ओरडली कारण ती धुण्याची बादली होती. तासभरात एक बुडबुडा नाही. माझी त्याच मॉडेलची बाईक, माझ्या जोडीच्या रॉडला ठिपके पडलेलेच होते. मागच्या दिवाळीपासून त्याचे ते ‘गेलेले’ शॉकअप माझ्या बाईकवर चालतायत.